भाजीपाल्याच्या बियाण्याला मित्र सूक्ष्मजीवांची बीजप्रक्रिया : रोपे कोलमडू नयेत म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

ट्रेमध्ये १०० बिया टाकल्या. ७० उगवल्या. दहाव्या दिवशी त्यातली २० रोपे मातीलगत पिचकून आडवी झाली. विचारले की उत्तर ठरलेले : "ट्रायकोडर्मा चोळला होता की!" मग जरा खोदून विचारावे. पूड कधीची? गेल्या हंगामातली. बियाणे सुकवले कुठे? उन्हात, लवकर वाळावे म्हणून. पेरले कधी? आठवड्याने, ट्रे मिळाले नव्हते. पाणी? सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी, आणि तिची पूड चोळली होती हे खरेच. पण पुडीतले बहुतेक जीव पेरणीआधीच मेले होते, आणि जे वाचले त्यांना पाण्याने बुडवले. या पुडीला आपण औषधासारखे वागवतो, तिथेच गणित चुकते. औषध डब्यात वर्षभर पडून राहिले तरी बरेचसे टिकते. जिवंत जिवाणू आणि बुरशी मात्र ऊन, क्लोरीन, उशीर आणि चुकीची जोडी यांनी मरतात. म्हणून इथे मात्रेपेक्षा क्रमाला जास्त जागा दिली आहे.

## आधी एवढे समजून घ्या : पहिले २४ तास

बी ओले झाले की ते पाणी शोषून फुगते आणि त्याच वेळी त्यातून साखर, अमिनो आम्ले, स्निग्धाम्ले असे पदार्थ बाहेर झिरपू लागतात. मातीत निपचित पडलेल्या पिथियमसारख्या रोगकारकाला हा झिरपा म्हणजे जेवणाचे बोलावणे. अनुकूल ओलावा असेल तर त्याचे बीजाणू काही तासांत अंकुरतात आणि पेरणीनंतर दिवसभराच्या आत बियाण्यात शिरू शकतात. तेव्हा बी मातीखालीच असते, आपल्याला काहीच दिसत नाही. आठ दिवसांनी ट्रेमध्ये रिकामे कप्पे दिसतात आणि आपण म्हणतो, बियाणे खराब निघाले.

मित्र सूक्ष्मजीवांना या पहिल्या दिवसात तिथे हजर असावे लागते. त्यांची कामाची पद्धत एकसारखी नाही. ट्रायकोडर्मा ही बुरशी रोगकारक बुरशीच्या धाग्यांना विळखा घालते आणि विकरांनी त्यांची भिंत विरघळवते. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मातीतले लोह आधी स्वतःकडे ओढतो, शिवाय रोगकारकाला मारक रसायने सोडतो. बॅसिलस सबटिलिसही अशी प्रतिजैविके तयार करतो; त्याची बीजाणूअवस्था टणक असल्याने तो उष्णता आणि कोरडेपणा इतरांपेक्षा जास्त सोसतो.

मला सर्वांत मजेशीर वाटते ती एन्टरोबॅक्टर क्लोअसी या जिवाणूची तऱ्हा. तो पिथियमशी लढतच नाही. बियाण्यातून झिरपणारे लिनोलेइक आम्ल तो खाऊन टाकतो, त्यामुळे पिथियमच्या बीजाणूंपर्यंत अंकुरण्याचा इशारा पोहोचत नाही. मका, वाटाणा यांच्या बियाण्यातून मात्र सुरुवातीलाच भरपूर साखर झिरपते. आयती साखर मिळाली की हा जिवाणू स्निग्धाम्लाकडे वळत नाही आणि संरक्षण ढिले पडते. हा जिवाणू तुमच्या पुडीत नसेलही, पण त्याच्यापासून घ्यायची गोष्ट पुढे चिकटद्रव्याच्या टप्प्यावर उपयोगी पडेल.

कशासाठी उपयोग नाही : विषाणूजन्य रोग, बियाण्याच्या आत दडलेला जिवाणूजन्य करपा किंवा काळी कूज, आणि एकदा आडवे पडलेले रोप. बियाण्यावरचे मित्र सूक्ष्मजीव मुख्यतः उगवणीच्या वेळची आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली मर कमी करतात.

## टप्पा १ : बियाणे तपासा

आधी पाकीट उघडून रंग बघा. गुलाबी, निळा, हिरवा असा न शोभणारा रंग असेल तर त्यावर रासायनिक बुरशीनाशक आधीच चढवलेले असते. पाकिटावर त्याचे नाव लिहिलेले असते. अशा बियाण्यावर ट्रायकोडर्मा चोळणे म्हणजे एका बुरशीला बुरशीनाशकाच्या अंथरुणावर झोपवणे. कार्बेन्डाझिम तर ट्रायकोडर्माला विशेष घातक. रंगीत बियाण्याच्या बाबतीत दोन मार्ग उरतात : ट्रायकोडर्मा बियाण्याऐवजी माध्यमात, म्हणजे ट्रेमध्ये भरायच्या माती-खताच्या मिश्रणात, मिसळा, किंवा बियाण्यावर बॅसिलस वापरा, कारण तो जिवाणू असल्याने बुरशीनाशकांचा त्याला सहसा फारसा त्रास होत नाही.

सावधान : रंग काढण्यासाठी असे बियाणे धुऊ नका. ते पाणी विषारी असते, आणि बियाणेही पूर्ण स्वच्छ होत नाही.

रंग नसेल तर उगवण चाचणी घ्या. ओल्या कागदात ५० किंवा १०० बिया गुंडाळून उबदार जागी ठेवा आणि मोड आलेले दाणे मोजा. ही चाचणी बहुतेक जण टाळतात आणि मग पुढे काहीच निदान करता येत नाही. कागदात ८८ टक्के उगवण आणि ट्रेमध्ये ६० टक्के, तर दोष माध्यमात किंवा पाण्यात. दोन्हीकडे ६० टक्के, तर दोष बियाण्यात. त्याला कुठलाही सूक्ष्मजीव तारणार नाही.

फुटलेले, चिरलेले, बुरशी लागलेले दाणे याच वेळी बाजूला काढा. चिरलेल्या दाण्यातून झिरपा जास्त, म्हणून आमंत्रणही मोठे.

## टप्पा २ : पूड जिवंत आहे का?

वेष्टनावर तीन गोष्टी शोधा : सूक्ष्मजीवाचे नाव, दर ग्रॅममागे जिवंत जीवांची संख्या, आणि वापरण्याची अंतिम तारीख. संख्या का बघायची ते एका हिशेबाने कळेल.

टोमॅटोच्या १ ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया धरा. मात्रा किलोला १० ग्रॅम पूड. पुडीत दर ग्रॅमला २० लाख जिवंत बीजाणू असतील, तर १ ग्रॅम बियाण्यावर २० हजार, म्हणजे एका बीवर जेमतेम ६६ बीजाणू येतात, तेही सगळे चिकटले तर. दर ग्रॅमला १० कोटी असतील तर हाच आकडा ३,३०० च्या पुढे जातो. आता पहिली पूड मुदत उलटून गरम खोलीत पडली होती आणि तिच्यातले शंभरातले नव्याण्णव मेले असे समजा. एका बीवर एकसुद्धा पूर्ण येत नाही. रंग तोच, वास तोच, वजन तेच. म्हणून "थोडीच जुनी आहे, चालेल" हे इथे चालत नाही.

ट्रायकोडर्माची घरच्या घरी परीक्षा घेता येते. बटाटा उकडून दोन चकत्या करा, गार होऊ द्या. दोन स्वच्छ बरण्यांत एकेक ठेवा. एकीवर चिमूटभर पूड टाका, दुसरी तशीच ठेवा. झाकणे सैल लावून सावलीत, उबदार जागी ठेवा. पूड जिवंत असेल तर तीन ते पाच दिवसांत पहिल्या चकतीवर आधी पांढरा कापूस आणि मग हिरवे ठिपके पसरतात. काही वाणांना चक्क नारळासारखा वास येतो. तो बरणीत नाक घालून मात्र घेऊ नये. दुसरी चकतीही तशीच हिरवी झाली तर परीक्षा फसली असे समजा, कारण हिरवी बुरशी हवेतूनही येते.

जिवाणूंच्या पुडीसाठी अशी सोपी परीक्षा नाही. तिथे तारीख, आणि ती पूड आजवर थंड-सावलीत ठेवली होती की उन्हातल्या खिडकीत, एवढ्यावरच भिस्त.

घरगुती मिश्रणाचा मोह टाळा. ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास आणि बॅसिलस एकाच वाटीत कालवून चोळणारे पुष्कळ भेटतात. यातले जिवाणू बुरशीविरोधी रसायने सोडतात आणि ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे. काही वाण एकमेकांशी जमवून घेतात, काही घेत नाहीत. तयार मिश्रणात ही जुळणी आधी पाहिलेली असू शकते. वाटीत कालवलेल्यात ती कोणीच पाहिलेली नसते. दोन्ही हवेच असतील तर एक बियाण्यावर, दुसरा माध्यमात किंवा नंतरच्या आळवणीत (रोपांच्या मुळाशी द्रावण ओतण्यात).

## टप्पा ३ : ट्रे आणि माध्यम आधी, बियाणे नंतर

हा टप्पा बियाणे ओले करण्याच्या आधी का, ते सुरुवातीच्या गोष्टीत आलेच. ट्रे भरलेले, ओल बसलेली, खड्डे पाडलेले असले पाहिजेत. मग बियाण्याला हात लावायचा.

जुने ट्रे असतील तर कप्प्यांतली वाळलेली माती आणि मुळे ब्रशने घासून काढा. नंतर घरगुती ब्लीचचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग या द्रावणात अर्धा तास बुडवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. मातीचा थर तसाच ठेवून ब्लीचमध्ये बुडवल्यास ब्लीच त्या मातीवरच खर्ची पडते.

माध्यमाच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका दिसतात. पहिली, कच्चे शेणखत. पिथियम आणि रायझोक्टोनिया (रोपे पाडणारी आणखी एक बुरशी) न कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर मस्त वाढतात. खत मुरले आहे का हे ओळखायला फार विद्या लागत नाही : मूठभर ओले करून पिशवीत दोन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीसारखा वास आला तर ठीक. अमोनिया किंवा आंबूस वास आला, किंवा ढीग हाताला गरम लागला, तर अजून थांबा.

दुसरी चूक उलट टोकाची : माध्यम इतके उकळायचे की त्यात काहीच जिवंत उरू नये. रिकाम्या माध्यमात पहिला जो येईल तो राजा, आणि तो मळक्या पाण्यातून आलेला पिथियम असू शकतो. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास मुरवलेली वाफ बहुतेक मर-रोगकारकांना पुरते आणि काही उपयोगी जीव शिल्लक ठेवते. वाफेची सोय नसेल आणि गादीवाफ्यावर रोपे करायची असतील, तर कडक उन्हाच्या दिवसांत ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरा. काळे प्लॅस्टिक घेऊ नका, ते स्वतः तापते आणि खालची माती तेवढी तापू देत नाही.

माध्यम गार झाल्यावर त्यात चांगले मुरलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आकारमानाने दहाव्या हिश्शाच्या आसपास मिसळा. अशा कंपोस्टमधले सूक्ष्मजीव पेरलेल्या बीवर काही तासांतच आपणहून वस्ती करतात. त्यांची संख्या आणखी वाढवायची असेल तर १०० किलो मुरलेल्या शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळून, वाफशाइतकी ओल ठेवून, सावलीत गोणपाटाखाली १० ते १५ दिवस ठेवा. दर तीन-चार दिवसांनी वर-खाली करा. हे आगाऊ करायचे काम आहे, पेरणीच्या सकाळी आठवून उपयोग नाही.

तपासणी : माध्यम मुठीत दाबा. गोळा व्हावा, बोटांतून पाणी निथळू नये, आणि बोटाने टोचल्यावर गोळा फुटावा. पाणी टपकले तर ट्रे भरू नका.

## टप्पा ४ : गरज असेल तरच गरम पाणी

घरी धरलेले बियाणे असेल आणि आधीच्या पिकावर काळी कूज किंवा जिवाणूजन्य ठिपके दिसले असतील, तर गरम पाण्याची प्रक्रिया करावी. विकतच्या, प्रक्रिया केलेल्या किंवा जुन्या बियाण्याला करू नये.

बियाणे सैल कापडी पुरचुंडीत बांधा. आधी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात १० मिनिटे. मग कोबी, टोमॅटो आणि वांगे ५० अंशांना २५ मिनिटे, फुलकोबी ५० अंशांना २० मिनिटे, मिरची ५१.५ अंशांना ३० मिनिटे. लगेच गार पाण्यात पाच मिनिटे. थर्मामीटर हवाच, बोट घालून अंदाज घेण्याचा हा प्रकार नाही. दोन अंश कमी पडले तर रोग राहतो, दोन अंश जास्त झाले तर कोंब मरतो. काकडीवर्गीय, वाटाणा आणि घेवडावर्गीय बियाण्याला गरम पाणी सोसत नाही, त्यांना यातून वगळा.

इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बियाण्यावर आणि आत आईझाडाकडून आलेले काही मित्र सूक्ष्मजीवही असतात. गरम पाणी शत्रूंबरोबर त्यांनाही झोडपते. धुतलेले, गरम केलेले बी म्हणजे मोकळा प्लॉट. तो आठवडाभर तसाच ठेवला तर कोण येऊन बसेल हे आपल्या हातात नाही. म्हणून गरम पाणी झाले की त्याच दिवशी पुढचा टप्पा.

## टप्पा ५ : पूड चढवणे

पाणी कुठले वापरता ते आधी बघा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते. उघड्या बादलीत रात्रभर ठेवलेले पाणी घ्या. पाणी उकळले असेल तर पूर्ण गार होऊ द्या.

चिकटण्यासाठी साखरेचा किंवा गुळाचा पाक घालायची सवय आहे. आता तो लिनोलेइक आम्लाचा किस्सा आठवा. साखर मित्राला तशी शत्रूलाही आवडते, आणि मित्र त्या नादात नेमके काम विसरू शकतो. मी डिंकाचे अगदी पातळ पाणी पसंत करतो. टोमॅटोसारख्या लव असलेल्या बियाण्याला नुसत्या पाण्याने पूड चिकटते, तिथे डिंकही नको. कोबी आणि मिरचीचे बी गुळगुळीत, त्यांना हवा.

मात्रा किलोला ५ ते १० ग्रॅम. पण भाजीपाल्याचे बियाणे किलोने कोण पेरतो? १० ग्रॅमच्या पाकिटाला ०.१ ग्रॅम पूड लागते आणि ती घरच्या काट्यावर मोजता येत नाही. त्यासाठी हा मार्ग :

१. ५ ग्रॅम पूड २५ मिली पाण्यात कालवा. दर मिलीत ०.२ ग्रॅम आली.
२. १० ग्रॅम बियाणे रुंद भांड्यात पसरा.
३. ड्रॉपरने अर्धा मिली, म्हणजे साधारण १० थेंब, बियाण्यावर फिरवत टाका. प्रत्येक वेळी घेण्याआधी द्रावण ढवळा, कारण पूड तळाशी बसते आणि शेवटच्या पाकिटाला सगळा गाळ येतो.
४. हातमोजे घालून किंवा भांडे गोल फिरवून बियाणे घोळा. जोरात चोळू नका. घेवड्यासारख्या बियांची साल पटकन सुटते.
५. कागदावर एकेरी थरात, सावलीत, वाऱ्यावर अर्धा ते एक तास ठेवा. बिया एकमेकींना चिकटेनाशा झाल्या की पुरे.

नाकाला रुमाल किंवा मास्क बांधा. बुरशीच्या बीजाणूंची धूळ अॅलर्जीच्या किंवा दम्याच्या माणसाला त्रास देते; प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

सावधान : "फक्त दहा मिनिटे उन्हात" हेही नको. मी एकदा गच्चीच्या कठड्यावर कागद ठेवून चहाला गेलो आणि परत येईपर्यंत सावली सरकली होती. त्या पेरणीत चोळलेल्या आणि न चोळलेल्या ट्रेमध्ये काडीचा फरक दिसला नाही.

एकाहून जास्त प्रक्रिया करायच्या असतील तर क्रम ठरलेला आहे : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सर्वांत शेवटी जिवंत संवर्धक. घेवडा-वाटाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारा जिवाणू) द्यायचा असेल तर तो अगदी शेवटी. अर्थात बुरशीनाशक दिल्यावर ट्रायकोडर्मा देण्यात फारसा अर्थ उरत नाही, हे वर आलेच.

### हळू उगवणाऱ्या बियाण्यासाठी : ओल्या ढिगाची पद्धत

मिरची आणि वांगे उगवायला आठवडा किंवा जास्तच घेतात, म्हणजे मातीखाली धोक्यात राहण्याचा काळ लांबतो. अशा बियाण्यावर पेरणीआधीच ट्रायकोडर्मा वाढू द्यावा. बियाणे १२ तास पाण्यात भिजवा, निथळा, वरची चकाकी जाईपर्यंत सावलीत ठेवा. किलोला १० ग्रॅम या प्रमाणात पूड लावा. त्याचा ढीग करून ओल्या गोणपाटाने झाका आणि २५ ते ३२ अंश तापमानात ४८ तास ठेवा. थोडेच बियाणे असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून सैल झाकणाच्या डब्यात. या काळात बुरशी बियाण्यावर पातळ थर धरते.

इथली चूक म्हणजे ४८ तास हा आकडा सगळ्याच पिकांना लावणे. कोबीवर्गीय बी दोन-तीन दिवसांत मोड टाकते, तेव्हा त्याला ही पद्धत नको. घेवडा-वाटाण्यालाही नको, ते फुगून साल फाटते. मिरची-वांग्यालाही २४ तासांनंतर दर सहा-आठ तासांनी बघा. पांढरे टोक दिसले की घड्याळ विसरा आणि पेरा. आंबूस वास आला तर ढीग फार ओला आहे आणि हवा खेळत नाही : ताबडतोब पसरून घ्या.

## टप्पा ६ : पेरणी

त्याच दिवशी. फार तर २४ तासांत. खोली बीच्या जाडीच्या दोन ते तीन पट. टोमॅटो-मिरचीला अर्धा सेंटीमीटर ते १ सेंटीमीटर. खोल पेरलेले बी जास्त दिवस मातीखाली राहते, वर येताना दमते, आणि त्याची लांब कोवळी दांडी रोगाला मोकळी मिळते. एका कप्प्यात एकच बी. गादीवाफ्यावर ओळीत विरळ पेरा. फेकून पेरलेल्या दाट रोपांत हवा खेळत नाही आणि एक रोप पडले की शेजारचे पडते.

ट्रे एकावर एक रचून झाकायचे असतील तर पहिला कोंब दिसताच, म्हणजे खरोखर त्याच तासाला, सुटे करा. एका दिवसाच्या उशिराने रोपे पांढरी, लांबुळकी होतात.

## टप्पा ७ : पाणी, म्हणजे निम्मे यश

पिथियमचे चलबीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात. माध्यम सतत चिंब असेल तर त्यांच्यासाठी तो हमरस्ता, आणि हवेशिवाय ट्रायकोडर्मा मात्र मंदावतो. म्हणजे जास्त पाणी दोन्ही बाजूंनी मारते.

पाणी सकाळी द्या, बारीक भोकांच्या झारीने. संध्याकाळी वरचा थर कोरडा दिसला पाहिजे. ओल ओळखायला ट्रे उचलून बघण्याची सवय लावा. पाणी दिल्यावर लगेच एकदा उचला, वजन हाताला लक्षात राहते. ते निम्म्यावर आल्यासारखे वाटले की पुढचे पाणी. वरून दिसणारा रंग फसवतो. गढूळ, साठलेले पाणी वापरू नका, आणि ट्रे जमिनीवर टेकवू नका. बाकावर किंवा जाळीवर ठेवले की खालून निचरा होतो, शिवाय जमिनीवरचे पाणी उडत नाही.

तपासणी : माध्यमावर हिरवे शेवाळ, आणि हात फिरवल्यावर बारीक काळ्या माश्या उडतात? पाणी जास्त होते आहे. त्या माश्यांच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात आणि रोगाला वाट करून देतात.

## टप्पा ८ : आळवणी आणि पुनर्लागवड

उगवणीनंतर आठ-दहा दिवसांनी एक आळवणी करता येते : लिटरला १० ग्रॅम पूड, ढवळून, संध्याकाळी, त्या दिवशीच्या पाण्याऐवजी. जादा पाणी म्हणून नव्हे. आधी-नंतर आठवडाभर त्याच ट्रेवर ताम्रयुक्त किंवा अन्य बुरशीनाशकाची फवारणी नको.

पुनर्लागवडीच्या दिवशी रोपांची मुळे लिटरला १० ग्रॅमच्या द्रावणात २० ते ३० मिनिटे बुडवून लावा. ट्रेमधल्या रोपांची माती झाडायची नाही, गड्डीसकट बुडवा.

## तरीही रोपे पडली तर

पडलेले रोप उपटून मातीलगतचा भाग बघा. पाणचट, मऊ, बोटाने दाबल्यावर पचपचीत : पिथियमकडे संशय, पाणी तोडा. तांबूस-तपकिरी, कोरडा, खोलगट चट्टा आणि उपटताना मातीचे कण कोळ्याच्या जाळ्यासारख्या धाग्यांना लोंबतात : रायझोक्टोनिया, माध्यमातले कच्चे खत तपासा. दांडी कात्रीने कापावी तशी सफाईने तुटलेली : हा रोगच नाही, रात्री अळी आली होती, माती उकरून शोधा. मातीलगत फक्त उन्हाच्या बाजूने पांढुरका भाजलेला डाग : तापलेल्या माध्यमाचा चटका, दुपारी सावली करा.

रोगट रोपे शेजारच्या दोन ओळींसकट माध्यमासह काढून दूर टाका. तिथे पुन्हा बी टोचून नांगे भरू नका. ती जागा आता रोगाने भरलेली असते.

एक काम मात्र पहिल्याच दिवशी करून ठेवावे लागते. प्रत्येक पेरणीत एक ओळ न चोळलेल्या बियांची, त्याच बियाण्याची, त्याच माध्यमात, ट्रेच्या मध्यावर. कडेला नको, कडेचे कप्पे लवकर सुकतात आणि तुलना बिघडते. वहीत चार आकडे : पेरलेल्या, सातव्या दिवशी उगवलेल्या, पंधराव्या दिवशी उभ्या, पुनर्लागवडीला उरलेल्या. मिरची-वांग्याला सातव्याऐवजी बारावा दिवस धरा. दोन ओळींत फरक पडला नाही आणि दोन्हीही धडधाकट उभ्या असतील, तर या वेळी रोगच नव्हता. दोन्ही सारख्याच पडल्या असतील तर पूड मेलेली होती किंवा पाणी जास्त झाले. मग बटाट्याची चकती काढा आणि टप्पा २ पासून सुरुवात करा.